अबू जनाहच्या पाटातलं राष्ट्रीय फूल

ही १९६५ सालची गोष्ट. राष्ट्राला चार वस्तू लागतात: सीमा, झेंडा, गीत आणि फूल. सीमेवरून भांडणं होतात, झेंडा उन्हानं विटतो, आणि गीताचं दुसरं कडवं आलं की सगळे नुसते ओठ हलवतात. फुलाचं तसं नाही. फुलाला तोंड नसतं, त्यामुळे ते उलट बोलत नाही. रयतेकडून सरकारची जी अपेक्षा असते ती पूर्णपणे पुरी करणारं देशात तेवढं एकच. असं असूनही इजिप्तची माणसं त्या सालापर्यंत अधिकृत फुलाविना जन्मत होती, लग्नं करत होती आणि मरतही होती. ही लाजिरवाणी बाब कैरोत कुणाच्या तरी लक्षात आली आणि राष्ट्रीय पुष्प प्रतिष्ठा समिती नेमली गेली.

समितीत फार विचारपूर्वक माणसं घेतली होती. अध्यक्ष एक निवृत्त ब्रिगेडियर, कारण त्यांच्याकडे बाग होती (बागेत गवत होतं). एक कवी, ज्यांनी जन्मभर फक्त गुलाबावर लिहिलं होतं, म्हणून इतर फुलांबद्दल ते निःपक्षपाती होते. एक पुराणवस्तूंचे जाणकार, ज्यांना कुठलंही फूल दगडात कोरलेलं असलं तर ओळखता येई. आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ, जे परदेशी गेले होते. त्यांच्या गैरहजेरीमुळे कामाला चांगलाच वेग आला. चिटणीस होते उस्ताज फिक्री (उस्ताज म्हणजे शिकलेल्या माणसाला लावायचं ‘साहेब’), तिशीतले, चष्मा लावणारे, नाईलच्या काठावर जन्मून पाण्याला भिणारे.

चमेली बाद झाली, कारण ती शेजाऱ्यांनी आधीच पळवली होती. कापूस बाद झाला, कारण जो विकला जातो तो राष्ट्राचं प्रतीक होऊ शकत नाही असं अध्यक्षांनी सांगितलं. त्यावर दोन सदस्य उगाच खाली बघू लागले. राहिलं कमळ. ते देवळांच्या खांबांवर हजारो वर्षं होतंच. ते देशात अजून उगवतं का, असा प्रश्न कवींनी विचारला. हा प्रश्न इतिवृत्तात घेतला नाही.

मग गावोगाव परिपत्रक गेलं: ‘आपल्या हद्दीत कमळ आहे काय? असल्यास किती?’

डेल्टातल्या शेतकऱ्याला आईच्या दुधाबरोबर एक शहाणपण मिळतं. कैरोहून ‘आहे काय’ अशी चौकशी आली की ‘नाही’ म्हणायचं, मग ते गाढवाबद्दल असो, धान्याबद्दल असो की मुलग्यांबद्दल. त्यामुळे सगळ्या गावांचं उत्तर एकच आलं. फक्त कफ्र अबू जनाह या गावचा उम्दा, म्हणजे आपला पाटीलच म्हणा, बस्यूनी, हा जुन्या वळणाचा माणूस होता. विचारणाऱ्याला ‘ठाऊक नाही’ म्हणून रिकाम्या हातानं परत पाठवणं त्या मुलखात अशिष्टपणाचं समजतात. वाटसरूनं वाट विचारली की माहीत नसणाराही अख्खा हात लांब करून एक दिशा दाखवतो. वाटसरू चुकतो, पण दुखावत नाही. कमळ म्हणजे काय हे बस्यूनीनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं लिहून कळवलं, ‘आहे. मुबलक. अल्लाची कृपा.’

मग आठवड्यानं आपल्या दारातल्या मातीच्या ओट्यावर बसून त्यानं मास्तरांकडून कमळाचं चित्र मागवलं. चित्र देवळाच्या खांबावर कोरलेल्या कमळाचं होतं. बदकं पाळणारी म्हातारी इन्साफ वाटेनं चालली होती, ती वाकून बघायला लागली.

“हे होय? हे तर आपलं बश्नीन. पाटात माजतं ते. माझी बदकं हगतात त्यावर.”

“इन्साफ, जरा जपून बोल,” उम्दा म्हणाला. “ते आता राष्ट्र आहे.”

“कधीपासनं?”

“मंगळवारपासून.”

बश्नीन पाटात माजत असे हे खरंच होतं. वाटीएवढं पांढरं फूल, थाळीएवढी पानं. संध्याकाळी उमलायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटायचं. त्याला गोडसर वास असे. उन्हाळ्यात अंगणात झोपलेल्या माणसांना पहाटे तो वास यायचा आणि कूस बदलून पुन्हा झोप लागायची. मुली त्याचे लांब देठ एक मणी इकडे, एक मणी तिकडे असे मोडून माळ करायच्या आणि फूल पदकासारखं छातीवर लोंबवायच्या. पुढे कित्येकींना सोन्याच्या माळा मिळाल्या, पण आरशात बघायची घाई तेवढी पुन्हा झाली नाही.

मात्र दर उन्हाळ्यात, बऊना महिन्यात, गावातले पुरुष पाटात उतरून ते सारं उपटून काठावर टाकायचे. बऊना दगड फोडतो असं तिथे म्हणतात, इतकं ऊन असतं. त्याच महिन्यात भाताची रोपं लावायची असतात, आणि बश्नीन माजलं की पाणी पुढे सरकत नाही.

पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला तफीदाचं शेत होतं. अर्धा फद्दान, म्हणजे जेमतेम अर्धा एकर. तफीदा विधवा, वय चाळिशीचं, बोलणं कमी. तिची मुलगी सनिय्या हिचं लग्न ठरलं होतं. भात निघाला की तो देऊन तांब्याची भांडी घ्यायची आणि नवरीबरोबर पाठवायची. तांब्याविना नवरी सासरी गेली तर सासू पहिल्या दिवशी काही बोलत नाही. पुढची वीस वर्षं बोलते. तेव्हा तफीदाचं सगळं गणित सरळ होतं. पाणी आलं तर भात, भात आला तर तांबं, तांबं आलं तर सनिय्याची मान वर.

समिती बऊनाच्या पहिल्याच आठवड्यात आली. कैरोची गाडी, मग मोटार, मग वाटेत नाश्ता, यामुळे पोचेपर्यंत दुपार झाली, आणि सगळी फुलं मिटलेली होती. ‘राष्ट्रीय पुष्प कर्तव्याच्या वेळेत झोपलेलं आढळलं,’ असं उस्ताज फिक्रींनी टिपून घेतलं. शिवाय फूल पांढरं होतं. देवळाच्या भिंतीवर ते निळं आहे. फूल उन्हानं विटलं असावं, असं जाणकारांनी ठरवलं. एवढे दोन दोष सोडले तर समिती समाधानी होती. तिनं पाटाला राष्ट्रीय क्षेत्र जाहीर केलं आणि काठावर फलक ठोकला. त्यावर लिहिलं होतं:

फूल तोडू नये. पान तोडू नये. पाटात उतरू नये व बदक उतरवू नये (बदकांना कळवण्याची जबाबदारी मालकाची). फुलासमोर आदरानं थांबावं. थांबण्याची जागा मागाहून कळवण्यात येईल. उल्लंघन हा राष्ट्राचा अपमान समजून तुरुंगवास होईल.

पाटाला सगळ्यात जवळचं घर तफीदाचं, म्हणून तिला पुष्परक्षक नेमलं. पगार नव्हता, बिल्ला होता. बिल्ल्यावरचं कमळ निळं होतं.

पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेतं होती त्यांना पाणी मिळत राहिलं. उम्दाचं शेत तोंडाशीच होतं, त्यामुळे गावाचा राष्ट्राभिमान शाबूत होता. शेवटच्या टोकाला मात्र पाण्याचा थेंब पोचेना.

त्यानंतर चार दिवसांनी पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर नसीफ आले. हे दुसरं खातं. यांनी पाट पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

“पाट तुंबलाय. साफ होईपर्यंत टोकाच्या शेतांची पाण्याची पाळी बंद. हा नियम आहे.”

“साहेब, तो फलक वाचा,” तफीदा म्हणाली.

“फलक माझ्या खात्याचा नाही.”

“पण फूल सरकारचं आहे ना?”

“सरकार माझं आहे,” नसीफ शांतपणे म्हणाले. “फूल त्यांचं आहे.”

म्हणजे बश्नीन उपटलं तर तुरुंग आणि नाही उपटलं तर पाणी बंद. दोन्ही खात्यांचं म्हणणं आपापल्या जागी अगदी बरोबर होतं. सरकारी कामात चूक झाली तर ती दुरुस्त तरी करता येते. दोन बरोबर गोष्टी एकमेकींवर आदळल्या की त्यांच्यामध्ये जो सापडतो त्याला नागरिक म्हणतात.

तफीदा तालुक्याला जाऊन आली. तिथल्या कारकुनानं तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, की भातालाच राष्ट्रीय पीक करून घ्या, मग भात आणि फूल बरोबरीला येतील आणि दोघांत पाणी वाटण्यासाठी तिसरी समिती नेमता येईल. त्या समितीला किती वेळ लागेल? फार नाही, पुढच्या हंगामापर्यंत.

हे उम्दाच्या ओट्यावर सांगितलं तेव्हा तिथे वेगळीच चर्चा पेटली.

“भात कसला राष्ट्रीय?” एकजण म्हणाला. “राष्ट्रीय म्हणजे मुलुखियाची भाजी. तिच्याविना इजिप्तचा माणूस परदेशात रडतो.”

“रडण्याचंच म्हणत असाल तर कांद्याला करा,” इन्साफ म्हणाली. “त्याच्यासमोर सगळ्यांचे डोळे भरून येतात, उम्दापासून भिकाऱ्यापर्यंत. तुमच्या गीतानं कधी आले?”

“इन्साफ, तू एक दिवस आत जाशील,” उम्दा म्हणाला.

“जाईन की. आत पाणी तरी वेळेवर येतं म्हणे.”

तफीदा चर्चा सोडून उठली. तिच्या रोपांची टोकं पिवळी पडायला लागली होती. घरी आल्यावर सनिय्यानं विचारलं, “आई, लग्न पुढे ढकलायचं का?” तफीदानं तिला पीठ मळायला सांगितलं. पीठ आधीच मळलेलं होतं.

मग निरोप आला की समिती दुसऱ्यांदा पाहणीला येते आहे, या वेळी खुद्द अध्यक्षांसह, आणि पुष्परक्षकाच्या घरी थांबेल. आता या मुलखात पाहुणा उंबरठ्यावर आला आणि न जेवता गेला तर घराचं नाक कापलं जातं. पाहुणा चांगला की वाईट, मित्र की वैरी, हा प्रश्न जेवणानंतरचा. आणि तफीदाच्या घरात पाहुण्याला वाढावं असं काही उरलं नव्हतं. कबुतरं विकली होती. कोंबडी सनिय्याच्या होणाऱ्या सासूच्या पाहुणचारात गेली होती. इन्साफनं बदक देऊ केलं, पण पाटात उतरायला बंदी झाल्यापासून बदकंही रोडावली होती.

“एका बदकात ब्रिगेडियरचं पोट भरायचं नाही,” इन्साफ म्हणाली. “बिचारं बदक स्वतःच उपाशी आहे.”

तफीदानं चुलीतली राख पुढे ओढली. मग म्हणाली, “बियारू आहेत.”

इन्साफनं आधी दाराकडे बघितलं. बश्नीनच्या मुळाशी चिखलात अंड्याएवढे कंद धरतात, त्यांना बियारू म्हणतात. दुष्काळाच्या साली ते खाऊन गावं जगली आहेत. पण ते गरिबांचं खाणं, म्हणून दार लावून खायचं आणि कुणी विचारलं तर अळकुड्या आहेत म्हणायचं, अशी रीत. गावातल्या प्रत्येक घरानं ते खाल्लेले होते आणि शेजारच्या घरात कधी शिजले नाहीत अशी प्रत्येक घराची समजूत होती.

“अगं, तुरुंग आहे त्याला,” इन्साफ म्हणाली.

“पाहुणा उपाशी गेला तर काय आहे?”

पहाटे तफीदा बिल्ला काढून काठावर ठेवून राष्ट्रीय क्षेत्रात उतरली. लहानपणी आईनं शिकवलं होतं तसं पायाच्या बोटांनी चिखल चाचपत एकेक कंद वर घेतला. फुलं तेव्हा पुरती उमललेली होती. राष्ट्र जागं होतं, पण बघायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

समिती दुपारी आली. ब्रिगेडियर, उस्ताज फिक्री आणि जाणकार. त्याच वेळी पाट अजून साफ का नाही हे विचारायला नसीफ आले, म्हणून त्यांनाही बसवलं. भांडण जेवणानंतर. तफीदानं बियारू उकडून सोलले होते. आतून ते अंड्याच्या बलकासारखे पिवळे असतात. वर तुपात लालसर परतलेला लसूण आणि कुटलेले धणे. बरोबर भाकरी, कांदा आणि लिंबाचं लोणचं.

ब्रिगेडियरनी पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग दाराकडे. दार उघडं होतं. मग थाळी पुढे सरकवून आणखी वाढून घेतलं.

“तफीदाबाई, अप्रतिम,” उस्ताज फिक्री म्हणाले. “बटाटा वाटत नाही. अळकुडीही नव्हे. काय आहे हे?”

इन्साफ दाराआडून खाकरली. तफीदाला खोटं बोलायचं होतं, पण पाहुणा अन्नाबद्दल विचारतो तेव्हा त्याला फसवायचं नसतं.

“आमच्या जमिनीतलंच आहे, उस्ताज.”

“कुठे होतं? झाड कसं असतं?”

“पाण्यात होतं. पान थाळीएवढं असतं.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “वर पांढरं फूल येतं.”

जाणकारांचा घास घशात गेलेला होता, तो परत घेण्याजोगा नव्हता. फिक्रींचा हात हवेत राहिला. बोटांत राष्ट्रीय पुष्पाचा खालचा भाग, लसणासकट. नसीफ तेवढे खात राहिले, कारण फूल त्यांच्या खात्याचं नव्हतं.

“खा, फिक्री,” ब्रिगेडियर हळूच म्हणाले. “थंड होतंय.”

“साहेब, पण हे...”

“मी शर्किया प्रांतातल्या खेड्यातला आहे. आम्ही नऊ भावंडं होतो.” त्यांनी भाकरीनं थाळी पुसून घेतली. “आई दार लावून वाढायची. अळकुड्या आहेत म्हणायची.”

उस्ताज फिक्रींनी खाल्लं. हाताखालच्या माणसाला दुसरा मार्ग नसतो, आणि चव खरोखरच चांगली होती.

आता पेच होता. तफीदावर गुन्हा नोंदवायचा तर पुरावा लागतो, आणि पुरावा सरकारच्या चार प्रतिनिधींनी वाटून घेतलेला होता. ब्रिगेडियरनी हात धुतले, चहा मागितला आणि तिथेच हुकूम सांगितला. तो असा: ‘पाहणीत असं आढळलं की राष्ट्रीय पुष्पाच्या पायथ्याशी एक उपयुक्त कंद असून त्याच्यापर्यंत पोचण्यास वरील पानाफुलांचा अडथळा होतो. तरी राष्ट्रहितार्थ अडथळा दूर करून कंद वेळोवेळी मुख्यालयाकडे पाठवावेत. पुष्पाचं संरक्षण पूर्ववत चालू राहील.’

“पण साहेब, मग फूल?” फिक्रींनी लिहिता लिहिता विचारलं.

“फूल खांबांवर आहेच. तिथे ते दुपारीसुद्धा मिटत नाही.”

दुसऱ्या दिवशी गावचे पुरुष पाटात उतरले. ते दरवर्षीचंच काम होतं, पण यंदा ते राष्ट्रकार्य असल्यामुळे उम्दाला काठावर उभं राहून भाषण करता आलं. संध्याकाळपर्यंत पाणी टोकाला पोचलं. तफीदा बांधावर बसून ते पायाशी येईपर्यंत बघत राहिली. भात वाचला. हेमंतात सनिय्या सासरी गेली तेव्हा तिच्या गाडीत तांब्याची परात होती, दोन पातेली होती आणि एक बंब होता. सासू पहिल्या दिवशी काही बोलली नाही आणि पुढेही फारसं बोलली नाही.

पुढच्या बऊनात सनिय्या माहेरपणाला आली. पहाटे उठून पाटावर गेली आणि तशीच परत आली. पाट आरशासारखा स्वच्छ होता. पूर्वी पुरुष वरवर उपटायचे, खाली कंद राहायचे आणि वर्षभरात फूल परत यायचं. आता पोती भरभरून कंद कैरोला जात होते.

“आई, तो वास येत नाही गं आता.”

“पाणी येतंय ना?” तफीदा म्हणाली. थोड्या वेळानं ती स्वतःच पाटाशी जाऊन उभी राहिली. फलकाप्रमाणे आदरानं.

बाकीच्यांचं पुढे असं झालं. शेजारच्या गावांना बातमी लागल्यावर त्यांनी पूर्वीचं उत्तर बदलून ‘आहे’ असं कळवलं, आणि चारपाच उन्हाळ्यांत त्या भागातलं राष्ट्रीय पुष्प राष्ट्रसेवेत पूर्णपणे कामी आलं. समितीनं अहवालात उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाल्याचं लिहिलं आणि ती विसर्जित झाली. परदेशी गेलेले वनस्पतिशास्त्रज्ञ परत आले नाहीत. उस्ताज फिक्री बढती मिळून राष्ट्रीय पक्ष्याच्या समितीवर गेले. पक्षी ठरण्याआधी ते जेवणाचे तपशील विचारून घेत असत असं म्हणतात. नसीफ यांची बदली वाळवंटात झाली. तिथे पाट नाहीत, त्यामुळे एकही पाट तुंबलेला नाही, आणि त्यांचं काम आदर्श समजलं जातं. ब्रिगेडियर मरेपर्यंत दर उन्हाळ्यात कंदांचं एक पोतं मागवत राहिले, इथले संपल्यावर लांबून कुठून तरी. कंद ते घरीच शिजवत; मोलकरणीच्या सांगण्याप्रमाणे दार लावून. इन्साफची बदकं पाटात परत गेली, आणि इन्साफ स्वतः तुरुंगात गेली नाही याचं उम्दाला शेवटपर्यंत नवल वाटलं. उम्दा बस्यूनीनं गावाच्या वेशीवर सिमेंटचं कमळ उभारलं, निळ्या रंगाचं, पोटात नळ बसवलेलं. नळाला पाणी आहे का, असं कुणी विचारलं की तो म्हणे, “आहे. मुबलक.”

तफीदा पुष्कळ जगली. तिच्या पणतीला शाळेत राष्ट्रीय फुलाचं चित्र काढायला सांगितलं होतं. तफीदानं तिच्याजवळ बसून वाटीएवढं पांढरं फूल काढायला लावलं, देठाची माळसुद्धा दाखवली. बाईंनी त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘निळं. वेशीवर बघून काढ.’ पोर रडली. तफीदानं तिला बिल्ला दिला.

वाचकांना हसू येईल, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे असं काही होत नाही. आपलंही राष्ट्रीय फूल, शाळेत शिकवतात त्याप्रमाणे, कमळच. पण आपण ते चिखलात उतरून, दार लावून, चोरून खात नाही. आपण ते मंडईत उघड्यावर, कमळकाकडी म्हणून, पाव किलो तोलून घेतो. सोलतो, चकत्या करतो, खरपूस तळतो आणि जून निघाली तर भाजीवालीला दोन शब्द ऐकवतो. पुढच्या वेळी कोवळी बघून द्यायला सांगतो. त्या काकडीचं फूल कसं दिसतं हे आजवर भाजीवालीला कुणी विचारलेलं नाही.